बंद घरं, घरफोड्या आणि आपल्या बीटचा पोलीस

नीलमोहोर (धागाकर्ती)

उन्हाळ्याची सुट्टी लागली की पुण्याच्या उपनगरांतल्या घरफोड्यांच्या बातम्या पेपरात रोजच्या होतात. दिवाळीतही तेच. यंदा मे महिन्यात आमच्या शेजारच्या सोसायटीवर ही वेळ आली. तिसरा मजला, भरदुपार, घरची मंडळी लग्नाला सोलापूरला गेलेली. चोरांनी आधी त्याच मजल्यावरच्या बाकीच्या दारांना बाहेरून कड्या घातल्या, मग बंद फ्लॅटचा कोयंडा कटावणीने उचकटला. कुलूप शेवटपर्यंत बंदच होतं, कोयंड्यासकट खाली पडलेलं. कपाट फोडलं, देव्हाऱ्याखालचा खण उपसला, गाद्या उलट्या केल्या आणि तांदळाचा डबा ओट्यावर पालथा केला. सोनं तांदळात लपवतात हे त्यांनाही ठाऊक. मंगळसूत्र, पाटल्या, मुलीच्या लग्नासाठी जमवलेली वळी, सगळं गेलं.

समोरच्या आजी दुपारभर घरात होत्या. त्यांना ठोकाठोकीचा आवाज आला होता. "सुताराचं काम चाललंय वाटलं," म्हणाल्या. घरचे गावाला गेलेत हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. माहीत असतं, तर बंद घरात सुतार कुठून आला, हा प्रश्न त्यांना नक्की पडला असता. माझं मन तिथेच अडकलंय.

नंतर आसपासच्या सोसायट्यांची बैठक झाली. कॅमेरे वाढवा, कुंपणाच्या भिंतीवर काचा बसवा, फेरीवाल्यांना आत सोडू नका, अशा सूचना आल्या. मग एका काकांनी विचारलं, "आपले बीट अंमलदार कोण?" चौकी कुठे आहे हे सगळ्यांना माहीत होतं. आपल्या भागाची जबाबदारी असलेल्या या पोलिसाचं नाव किंवा नंबर मात्र खोलीतल्या एकालाही सांगता आला नाही.

मला वाटतं ते मांडते. आपण गावाला गेलोय हे रस्त्यावरच्याला कळता कामा नये आणि शेजाऱ्याला पक्कं ठाऊक असायला हवं. आपल्याकडे आज नेमकं उलटं चाललंय. दाराशी साचलेले पेपर आणि फेसबुकवर महाबळेश्वरचे फोटो, यावरून अनोळखी माणसाला सगळं कळतं, आणि भिंतीला भिंत लागून राहणाऱ्याला काही पत्ता नसतो. पोलिसांचंही तसंच. त्यांची ओळख चोरी झाल्यावर रडत जाऊन करून घेण्यात अर्थ नाही.

तुमच्या भागात काय केलंत, कशाचा उपयोग झाला, पोलिसांकडून काय मागायचं आणि काय मिळतं, हे अनुभवी लोकांनी लिहावं. आणखी एक. ज्यांच्याकडे चोरी झाली त्यांना चौकीत पहिल्यांदा "अर्ज देऊन जा" असं सांगितलं गेलं. हे बरोबर आहे का?

डोंबिवलीकर_७

कॅमेऱ्यांबद्दल लिहितो. आमच्याकडे गेट, जिने, पार्किंग, सगळीकडे कॅमेरे होते. चोरांनी रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र, म्हणजे डीव्हीआरच उचलून नेला, कारण तो वॉचमनच्या केबिनमध्ये टेबलावर ठेवलेला होता. आता तो वेगळ्या खोलीत, लोखंडी पेटीत कुलपात आहे आणि रेकॉर्डिंगची प्रत बाहेरही साठते.

त्याआधी एकदा सायकली गेल्या तेव्हाचा अनुभव वेगळाच. फुटेज होतं, पण डीव्हीआरचं घड्याळ पाऊण तास मागे. पोलिसांना आमचं फुटेज समोरच्या मेडिकलच्या कॅमेऱ्याशी आणि चौकातल्या सरकारी कॅमेऱ्याशी जुळवायचं होतं. त्यात त्यांची पूर्ण संध्याकाळ गेली. पासवर्ड फक्त जुन्या सेक्रेटरींना माहीत, आणि ते अमेरिकेत मुलाकडे. म्हणून सांगतो, महिन्यातून एकदा कोणीतरी बसून घड्याळ बघा, कालचं फुटेज उघडतंय का बघा. कॅमेरा छतापाशी लावला की टोपी दिसते. चेहरा हवा असेल तर गेटवर आणि जिन्याच्या पहिल्या वळणावर माणसाच्या उंचीला एकेक लावा.

खाकी_निवृत्त

नीलमोहोर ताई, सगळी नोकरी पोलीस ठाण्यात आणि त्यातली बरीच वर्षं डीबी म्हणजे गुन्हे शोध पथकात काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घरफोडी करणारा सराईत माणूस आधी बघून जातो. त्याला बघायला काही विशेष लागत नाही. दाराला बाहेरून कुलूप, चपला नाहीत, कालचा पेपर तसाच, दिवसाही जळणारा बाहेरचा दिवा. कोणी दाराच्या फटीत जाहिरातीचा कागद खोचून जातं आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघतं. कागद तिथेच असेल तर घर रिकामं. ही माणसं मळक्या कपड्यांत, चेहरा झाकून येतात ही समजूत आधी काढून टाका. इस्त्रीचा शर्ट, पाठीवर लॅपटॉपची बॅग, वॉचमनला "कुलकर्णी साहेबांकडे" म्हणून थेट लिफ्टकडे. कुलकर्णी प्रत्येक सोसायटीत असतातच. एक जण खाली दुचाकीवर थांबतो. ती दुचाकीही बहुतेक वेळा चोरीची असते. काम दहा-पंधरा मिनिटांचं.

यात थांबवता येण्यासारख्या जागा दोन. पहिली गेटवर. वॉचमननं फक्त वही पुढे सरकवायची नाही, ज्यांच्याकडे जायचं त्यांना इंटरकॉम लावायचा. फोन उचलला गेला नाही तर वर सोडायचं नाही. दुसरी जागा मजल्यावरचा शेजारी. तुमच्या त्या आजींना माहीत असतं तर त्यांनी दार उघडायला जाऊन बघितलं असतं, आणि आपल्या दाराला बाहेरून कडी आहे हे कळताच ११२ ला फोन केला असता. दाराला बाहेरची कडी असेल तर ती आजच काढून टाका, तिचा आपल्याला काही उपयोग नाही.

चोरी झाल्यावरचंही सांगतो. दार फुटलेलं दिसलं की आत शिरू नका. लोक आधी आत धावतात, कपाट उघडून काय गेलं ते बघतात, शेजारीपाजारी येतात, कोणीतरी बाई बिचारी पसारा बघवत नाही म्हणून आवरायला घेते. मग ठसेतज्ज्ञ येतात तेव्हा कपाटाच्या दांड्यावर घरातल्यांचेच ठसे मिळतात आणि कुत्र्याला माग कशाचा द्यायचा तेच कळत नाही. पूर्वी एक ठसा जुळवायला कार्डांचे गठ्ठे चाळावे लागायचे. आता राज्यात ठसे संगणकावर जुळवणारी ॲम्बिस प्रणाली आहे, रेकॉर्डवरच्या माणसाचा ठसा असेल तर लवकर जुळतो. पण तो ठसा आधी जागेवर राहायला तर हवा.

सोनं फार दिवस सोनं म्हणून राहत नाही, लगेच वितळतं. त्यामुळे पहिल्या दोन-चार दिवसांतच काय ते होतं. त्या दिवसांत फिर्यादीनं "दागिने अंदाजे दहा तोळे" असं सांगितलं तर आम्ही काय शोधणार? घरातल्या प्रत्येक दागिन्याचा फोटो आणि बिल हवं. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असल्याशिवाय सराफाला तो विकता येत नाही. तो क्रमांक बिलावर आहे ना, हे घेतानाच बघून घ्या. जुन्या दागिन्यांचं वजन करून फोटो काढून ठेवा, आणि ते फोटो फक्त त्याच घरातल्या मोबाइलमध्ये ठेवू नका.

आता बीटबद्दल. बीट मार्शल मोटरसायकलवर दोघं असतात आणि त्यांच्या वाट्याला मोठा भाग येतो. त्यात नवरा-बायकोचं भांडण, अपघात, स्पीकरची तक्रार, आणि वर गणपती, मोर्चे, निवडणुका, मंत्र्यांचे दौरे यांचा बंदोबस्त. मनुष्यबळ कमी पडतं हे खरं आहे. म्हणूनच तुम्ही मोघम "गस्त वाढवा" असं निवेदन दिलंत तर ते फाइलला लागतं. नेमकं मागा. आमच्या मागच्या गल्लीत दिवे नाहीत, तिथून कुंपण ओलांडता येतं, शनिवार-रविवार दुपारी बारा ते चार एक फेरी हवी. पूर्वी रात्रगस्तीवाला ठरलेल्या जागी लावलेल्या वहीत सही करायचा, आता बऱ्याच शहरांत क्यूआर कोड स्कॅन करायचा असतो. तो पॉइंट तुमच्या गेटवर लावून मिळावा म्हणून वरिष्ठ निरीक्षकांना पत्र द्या. हे पत्र सहसा मान्य होतं, कारण त्यात त्यांचंही काम सोपं होतं.

वाटसरू_नागपूर

काका, तुमचा अनुभव मोठा आहे, पण सामान्य माणसाला चौकीची पायरी चढायची भीती का वाटते त्यावरही लिहा. आमच्याकडे दुचाकी गेली तेव्हा "लॉक का नाही केली" इथून सुरुवात. जणू गुन्हा आमचाच.

खाकी_निवृत्त

तुमची तक्रार खरी आहे आणि मी यात पोलिसांची बाजू घेणार नाही. ज्याचं गेलंय त्याच्याशी असं बोलणं चूकच. आणि त्याचा तोटा खात्यालाच होतो. असा माणूस पुन्हा कधी "आमच्या गल्लीत एक अनोळखी गाडी दोन दिवस उभी आहे" हे सांगायला येत नाही. डीबीचं निम्मं काम अशा माहितीवरच चालतं.

कायदेकानू

मूळ धाग्यातल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, बरोबर नाही.

घरफोडी हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकतात. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं ललिताकुमारी प्रकरणात २०१३ सालीच सांगितलं. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द आपली नाही म्हणून परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर नोंदवून तो योग्य ठाण्याकडे पाठवायचा असतो. इलेक्ट्रॉनिक मार्गानेही खबर देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत विनामूल्य आणि ताबडतोब मिळते. नोंदवून घेतला नाही तर पोलीस अधीक्षकांकडे, आणि शहरात उपायुक्तांकडे, लेखी तक्रार पोस्टानं पाठवा. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

"अर्ज" आणि एफआयआर यातला फरक व्यवहारात फार मोठा आहे. साध्या अर्जावर तपास सुरू होत नाही, आणि चोरीचा विमा असेल तर कंपनी एफआयआरच मागते. पुढे चोर सापडला नाही तर पोलीस न्यायालयात "अ समरी" पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही. विम्याच्या दाव्याला तो कागदही लागतो.

एक बारकावा लक्षात ठेवा. नव्या कायद्यात पाच हजारांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र ठरवली आहे. त्यामुळे जिन्यातून चपला किंवा कुंड्या गेल्या तर फक्त एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, केली जाऊ शकते. राहत्या घरातली चोरी मात्र यात येत नाही. ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली येते, शिक्षा सात वर्षांपर्यंत. आणि चोरीसाठी घर फोडलं असेल तर कलम ३३१, दिवसा दहा वर्षांपर्यंत आणि सूर्यास्तानंतर चौदा वर्षांपर्यंत. चौकीत "गेलं काय, किती गेलं" एवढंच लिहून घेत असतील तर कोयंडा उचकटल्याचा उल्लेख आवर्जून करायला लावा.

तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणं हेही आता पोलिसांचं कर्तव्य आहे. विचारायला संकोच करू नका.

आणि सापडलेला माल. लोकांना वाटतं की खटला संपेपर्यंत दागिने मुद्देमालाच्या खोलीतच पडून राहणार. तसं नाही. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये सांगितलंय की पंचनामा, फोटो आणि बंधपत्र घेऊन माल मालकाला लवकर परत द्यावा, ठाण्यात कुजवू नये. त्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो, तो मोठ्या खर्चाचा नसतो.

गोदाकाठ

आमच्याकडची गोष्ट वेगळी आहे आणि ती सांगायलाच हवी असं वाटलं.

२०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात रात्री ड्रोन दिसतात, चोर त्यावरून घरं हेरतात, अशी हवा उठली. बीड, जालना, संभाजीनगरकडची गावं रात्र रात्र जागत होती. आमच्या गावातही पोरं काठ्या, बॅटऱ्या घेऊन वेशीवर बसायची. पहिल्या रात्री बरं वाटलं, गाव जागं आहे म्हणून. मग एका रात्री मोटरसायकलवरून येणाऱ्या दोघांना अडवलं. शेजारच्याच तालुक्यातले, बायकोला दवाखान्यात सोडून परत निघालेले. प्रश्न विचारता विचारता आवाज चढले, कोणीतरी कॉलर धरली. आमचे पोलीस पाटील धावत आले आणि दोघांच्या पुढे उभे राहिले म्हणून निभावलं.

धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवा. १ जुलै २०१८, मुलं पळवणारी टोळी म्हणून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागायला आलेले. पालघरमधलं गडचिंचले, १६ एप्रिल २०२०, लॉकडाऊन, चोर आणि मुलं पळवणारे फिरतात ही अफवा, दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. दोन्ही ठिकाणी लोक आपापल्या गावाची राखणच करत होते.

शहरातल्या ग्रुपवरही "संशयित महिला, सावध राहा" म्हणून फोटो फिरतात. बघितलं तर भंगार गोळा करणारी बाई असते, कडेवर लेकरू. पारधी, कैकाडी अशा कित्येक जमातींवर इंग्रजांनी १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण आपल्या नजरेतला शिक्का अजून पुसला गेलेला नाही. खाकी काकांनी लिहिलेला इस्त्रीच्या शर्टातला माणूस तुम्ही "या या" म्हणून आत सोडणार आणि या बाईचा फोटो काढणार. यानं चोरी तर थांबत नाहीच, वर अन्याय होतो.

आमच्याकडे आता ग्राम सुरक्षा यंत्रणा सुरू आहे. एका ठरलेल्या नंबरवर फोन केला की गावातल्या नोंदणी झालेल्या सगळ्या मोबाइलवर तोच आवाज एकदम जातो. चोरी, आग, बिबट्या, काहीही असो. ग्राम सुरक्षा दलात पोलीस पाटील आणि बीट अंमलदार दोघांनाही घेतलंय. नियम एकच ठेवलाय: अडवा, विचारा, ११२ ला कळवा, अंगाला हात लावायचा नाही.

कायदेकानू

गोदाकाठ, तुमच्या नियमाला कायद्याचाही आधार आहे. डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिक पकडू शकतो, पण त्याला विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यावंच लागतं. मारण्याचा अधिकार कोणालाच नाही. आणि नुसता संशय आला म्हणून धरून ठेवता येत नाही.

थेम्सकाठी

लंडनमधून. इथे आपल्या लोकांच्या घरी सोनं असतं हे चोरांना चांगलं माहीत आहे. दिवाळीच्या सुमाराला पोलीस दरवर्षी भारतीय वस्त्यांत पत्रकं वाटतात, सोनं घरात ठेवू नका, लॉकरमध्ये ठेवा म्हणून.

नेबरहुड वॉच नावाची पद्धत इथे १९८२ मध्ये चेशायर परगण्यातल्या मॉलिंग्टन गावापासून सुरू झाली. पण मला सांगायचंय ते रॉचडेलच्या कर्कहोल्ट वस्तीबद्दल. तिथे १९८० च्या दशकात घरफोड्या बेसुमार झाल्या होत्या. पोलीस आणि अभ्यासकांनी आकडे मांडले तेव्हा दिसलं की एकदा फोडलेलं घरच पुन्हा फोडलं जातंय. नवं सामान आलेलं असतं, वाट माहीत असते, दार तसंच कच्चं असतं. मग त्यांनी सगळ्या वस्तीवर पहारा बसवायचा नाद सोडला. ज्या घरी चोरी झाली त्याची दारं-खिडक्या लगेच पक्की केली, आणि त्याच्या आजूबाजूच्या पाच-सहा घरांना लक्ष ठेवायला सांगितलं, बस. गॅस आणि विजेच्या मीटरमध्ये नाणी टाकायची पद्धत होती, चोर ती पेटीच फोडायचे, म्हणून ते मीटरही काढून टाकले. तीन वर्षांत तिथल्या घरफोड्या तीन चतुर्थांशांनी कमी झाल्या.

नीलमोहोर, तुमच्या बैठकीत सगळ्या इमारतींसाठी खर्चाचा विचार झालेला दिसतो. माझ्या मते आधी ते फोडलेलं घर आणि त्याच जिन्यातली घरं धरा. तिथे पुन्हा यायची शक्यता सगळ्यांत जास्त.

मोगरा_सातारा

आमच्या सोसायटीत घरकामाच्या बायकांना ओळखपत्र सक्तीचं केलं आणि जाताना पिशवी तपासायला सुरुवात केली. दोन चांगल्या बायकांनी काम सोडलं. आता गेटवर कोणी कोणाला ओळखत नाही अशी परिस्थिती आहे. याचं काय करायचं?

नीलमोहोर

मोगरा ताई, पिशव्या तपासणं बंद करा असं मी तरी सांगेन. आमच्याकडे मजल्यांवर सकाळपासून दुपारपर्यंत प्रत्यक्ष वावरणाऱ्या त्याच आहेत. कोणत्या घरी कोण पाहुणा आलाय हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. आम्ही उलट केलं. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना आणि झाडलोट करणाऱ्या दादांना पुढच्या बैठकीला बोलावलं. मावशींनीच सांगितलं की चोरीच्या आदल्या दिवशी एक माणूस "आरओ सर्व्हिसिंग" म्हणून प्रत्येक मजल्यावर बेल वाजवत होता. हे त्यांना आजवर कोणी विचारलंच नव्हतं. ही माहिती आम्ही तपास अधिकाऱ्यांना दिली आणि त्यांनी त्या दिवसाचं फुटेज वेगळं काढून नेलं.

वॉचमनच्या एजन्सीकडे खासगी सुरक्षा संस्थांच्या २००५ च्या कायद्याचा परवाना आहे का, आणि माणसाची चारित्र्य पडताळणी झाली आहे का, एवढं मात्र कमिटीनं जरूर बघावं. भाडेकरूंची माहिती पोलिसांना ऑनलाइन देण्याचंही तसंच. ती सगळ्यांची द्यायची, नाव-आडनाव बघून नाही.

कायदेकानू, तुमचं उत्तर छापून मी शेजारच्या काकांना दिलं. ते पुन्हा ठाण्यात गेले, वरिष्ठांना भेटले आणि एफआयआर नोंदवला गेला, कलम ३३१ आणि ३०५ दोन्ही लागली. काकूंनी लग्नाच्या अल्बममधून पाटल्यांचे फोटो शोधून काढले. सराफाकडे जुनी बिलं होती, त्यात वजनं मिळाली.

थेम्सकाठी, तुमचं म्हणणं पटलं. काचांचा खर्च बाजूला ठेवला. त्या जिन्यातल्या सगळ्या दारांच्या बाहेरच्या कड्या काढल्या, आतून लागणारी कुलपं आणि जाळीची सेफ्टी डोअर बसवायला घेतली. प्रत्येक मजल्यावर एक कागद लावलाय, आतल्या बाजूला, बाहेरच्याला दिसणार नाही असा. त्यावर फक्त एकमेकांचे फोन नंबर आहेत. गावाला जाताना समोरच्या घरी सांगून जायचं, दूध-पेपर बंद करायचा, आणि राहिलाच तर समोरच्यांनी उचलायचा. घरची किल्ली मात्र द्यायची सक्ती नाही.

बीट अंमलदार एका रविवारी येऊन गेले. चहा घेतला, मागची अंधारी गल्ली स्वतः चालून बघितली, आपला नंबर दिला. महापालिकेच्या विद्युत विभागाला दिव्यांसाठी सोसायटीचं पत्र गेलंय, त्याची पोच वरिष्ठ निरीक्षकांना दिली. क्यूआरच्या पॉइंटसाठीचं पत्र मी आज लिहायला घेतलंय. खाकी काका, पत्र ठाण्याच्या नावानं लिहायचं की परिमंडळाच्या उपायुक्तांना प्रत जोडायची?

खाकी_निवृत्त

पत्र वरिष्ठ निरीक्षकांना, प्रत सहायक आयुक्तांना. उपायुक्तांकडे आत्ता नको, महिनाभरात उत्तर आलं नाही तर तेव्हा. आवक क्रमांकाचा शिक्का मारून पोच घ्या. आणि गल्लीचा हातानं काढलेला का होईना, नकाशा जोडा, कुंपण कुठे ओलांडता येतं त्यावर खूण करून.